इंग्रजीतला 'परवा' कुठे गेला? : ओव्हरमॉरो

मुग्धा_पुणे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते, संध्याकाळची बॅच असते, दिवसभर काम करून येतात सगळे. गेल्या गुरुवारी एक काका, रिक्षा चालवतात, पन्नाशीच्या पुढचे, त्यांनी विचारलं, "मॅडम, उद्याला टुमॉरो, मग परवाला काय?" मी फळ्यावर 'द डे आफ्टर टुमॉरो' लिहिलं. त्यांनी बोटांवर शब्द मोजले आणि म्हणाले, "चार? जगभर चालणारी भाषा आणि परवाला एक शब्द नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधत बसले आणि रात्री साडेबाराला सापडला, ओव्हरमॉरो! मोठ्या शब्दकोशांत आहे पण पुढे 'वापरातून गेलेला' असा शेरा. आदल्या परवासाठीही आहे, एअर-यस्टरडे, म्हणजे 'कालच्या आधीचा'. दोन्ही अस्सल जर्मॅनिक घडणीचे, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच ज्या भाषाकुटुंबातल्या आहेत त्यातले. जर्मनमध्ये यूबरमॉर्गन आणि फोरगेस्टर्न, डचमध्ये ओव्हरमॉर्गन आणि एअरखिस्टरेन, आणि तिकडे हे शब्द रोज वापरतात म्हणे.

मग इंग्रजीनेच का टाकला? आणि माझ्या वर्गात शिकवू का नको? जाणकारांनी सांगा प्लीज, येत्या गुरुवारी काका विचारणार आहेत.

नदीकाठ

मस्त धागा. वाचतेय.

स्टुटगार्टकर

मी १४ वर्षं जर्मनीत आहे. यूबरमॉर्गन इथे अगदी रोजचा शब्द, मुलं बालवाडीत शिकतात. तेरवालासुद्धा बोलताना आणखी एक यूबर लावून मोकळे होतात, यूबरयूबरमॉर्गन. मागे जायचं असलं की फोरफोरगेस्टर्न. मला मराठी बोलल्यासारखंच वाटतं.

एक गंमत सांगतो. जर्मनमध्ये मॉर्गन म्हणजे सकाळ आणि मॉर्गन म्हणजेच उद्या. मग 'उद्या सकाळी' कसं म्हणणार? मॉर्गन मॉर्गन कुणी म्हणत नाही, मॉर्गन फ्रू म्हणतात, म्हणजे 'उद्या लवकर'. सुरुवातीला मी ऑफिसात मॉर्गन मॉर्गन म्हणायचो, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हसत हसत सुधारलं.

शब्दवेडा

मुग्धाताई, फार आवडीचा विषय काढलात, जरा लांब लिहितो.

इंग्रजीतही तेच झालंय. जुन्या इंग्रजीत मॉर्गन म्हणजे सकाळ. त्याचं मध्ययुगात मॉर्वेन झालं, मग शेवटचा न गळाला आणि मॉरो झालं. 'टु मॉरो' म्हणजे मुळात 'सकाळी', 'येत्या सकाळला'. आणि मॉर्निंग हा नंतर इव्हनिंगच्या वळणावर बनवलेला. म्हणजे टुमॉरो आणि मॉर्निंग ही एकाच घरातली दोन भावंडं, इंग्रजांना आता ओळखूही येत नाहीत.

आता ओव्हर. हा जर्मनचा यूबर, ग्रीकचा हायपर, लॅटिनचा सुपर आणि संस्कृतचा उपरि. आपल्या उपरिचं पुढे काय झालं? 'वर' झालं. टेबलावर, झाडावर मधला वर. म्हणजे ओव्हरमॉरो शब्दशः 'उद्यावर', उद्याच्या वरचा दिवस, आणि त्यातला ओव्हर आणि आपला वर हे नात्याने एक आहेत.

परवा मात्र वेगळ्या वाटेने आला. संस्कृत परश्वः, पर म्हणजे पलीकडचा, श्वः म्हणजे उद्या. हिंदी परसों पण तिथूनच. आणि या 'पर'चा इंग्रजी भाऊ आहे फार, म्हणजे दूर. आपल्याकडे प तिथे त्यांच्याकडे फ. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, तसंच पर आणि फार.

तात्या_सातारा

म्हणजे शेवटी सगळं संस्कृतातूनच गेलंय. आम्ही हेच सांगतो तर लोक ऐकत नाहीत.

शब्दवेडा

तात्या, 'तिकडे गेलं' असं नाही म्हणता येत. चुलत भावंडांची नाकं सारखी असतात, पण म्हणून एक दुसऱ्याचा मुलगा होत नाही, आजोबा एक असतात. १७८६ साली विल्यम जोन्स हे इंग्रज अभ्यासक कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत हेच बोलले होते, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलीच नसेल. ही जर्मॅनिक मंडळीही त्याच कुटुंबातली असावीत असंही ते तेव्हाच म्हणाले. मला तर हे जास्त आवडतं. आपण कुणाचे गुरू असण्यापेक्षा कुणाचे सख्खे असणं.

तात्या_सातारा

नाकाचं उदाहरण पटलं. पण कुठल्या नियमाने ओळखायचं की साम्य खरं आहे का योगायोग?

शब्दवेडा

एका शब्दावर नाही, रांगेवर. पितृ-फादर, पाद-फूट, पञ्च-फाइव्ह, पशु-फी (फीचा जुना अर्थ गुरंढोरं!). एवढी रांग लागली की योगायोग म्हणवत नाही. याकोब ग्रिम या जर्मन भाषाभ्यासकाने १८२२ मध्ये ही रांग नियम म्हणून मांडली.

यस्टरडे घ्या. त्यातलं यस्टर म्हणजे जर्मन गेस्टर्न, लॅटिन हेरी, आणि संस्कृत ह्यः, म्हणजे काल. आपला ह तिकडे ग किंवा य होतो. हंस आणि गूस बघा, जर्मनमध्ये गान्स. शाळेत 'ह्यः, अद्य, श्वः' पाठ केलं होतं ना सगळ्यांनी, तो ह्यः रोज यस्टरडेमध्ये बोललो आपण आणि कळलंच नाही.

केतकी

अंगावर काटा आला ह्यः वाचून. आठवीत संस्कृतच्या बाईंनी मारून मारून पाठ करून घेतलं होतं.

पण माझी तक्रार आपल्या परवाबद्दल आहे. इंग्रजीत शब्द नाही म्हणतोय आपण, आपल्याकडे एकच शब्द दोन्हीकडे! मागचा पण परवा, पुढचा पण परवा. गेल्या वर्षी आईने व्हॉट्सॅपवर लिहिलं, 'परवा बाबांची अँजिओग्राफी'. एवढंच. क्रियापद नाही, काही नाही. मी दुबईत. मला वाटलं करून झाली आणि मला सांगितलंच नाही, फोन लागेना, रात्रभर झोप नाही, सकाळी मावशीला फोन केला तर ती म्हणते अगं अजून व्हायचीय, तू कशाला रडतेस. त्या दिवसापासून आमच्या घरच्या ग्रुपवर नियम केलाय, परवा लिहिलं की तारीख लिहायची.

वऱ्हाडी_ठेचा

केतकीताई, बाबा बरे आहेत ना आता?

हिंदीवाल्यांचं तर त्याहून कठीण, त्यांचा कलसुद्धा दोन्हीकडे. आपण निदान काल आणि उद्या वेगळे ठेवले.

आमच्या अकोल्याकडे आजी 'सकाऊन ये' म्हणायची. म्हणजे आत्ता संध्याकाळ आहे, सकाळी ये, म्हणजेच उद्या ये. वरती जर्मनचं वाचून आजीच आठवली. तिला मॉर्गन मॉर्गनची अडचण लगेच कळली असती.

केतकी

बरे आहेत, रोज पर्वतीला जातात. थँक्यू विचारल्याबद्दल.

शब्दवेडा

वऱ्हाडी, आजींचं उदाहरण एकदम नेमकं. आणि ऐका, आपला 'काल'सुद्धा त्याच जातीचा. वेळ या अर्थाचा काल नाही हा. संस्कृतमध्ये कल्य म्हणजे पहाट. त्यातून हिंदीचा कल, मराठीचा काल. म्हणजे 'पहाट' या एका शब्दापासून इंग्रजांनी पुढचा दिवस बनवला, आपण मागचा, आणि हिंदीने दोन्ही.

आणि केतकीताईंची तक्रार फार जुनी आहे! चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत आणलं. गॉथिक ही जर्मॅनिक कुटुंबातली, आता नाहीशी झालेली भाषा. त्याची प्रसिद्ध प्रत स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली. त्यात मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, रानातलं गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडेल. त्या 'उद्या'साठी गॉथिक शब्द काय आहे? गिस्त्रादागिस! सरळ सरळ यस्टरडेचा भाऊ. आणि अर्थ उद्या!

आजोबा_७२

भाषांतरकाराची चूक नसेल कशावरून? आम्ही प्रूफं तपासत आयुष्य काढलं, काल आणि उद्याची अदलाबदल फार होते.

शब्दवेडा

आजोबा, रास्त शंका. पण जुन्या नॉर्समध्येही, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, हेच दिसतं. तिथे ई गेर म्हणजे काल. आणि एका प्राचीन वीरकाव्यात मरणाच्या दारात उभा असलेला भाऊ म्हणतो, आता मेलो काय नि 'ई गेर' मेलो काय, कीर्ती मिळवली. तिथे अर्थ उद्याच लावावा लागतो, काल कसं मरणार? दोन वेगळ्या भाषांत सापडलं की मला चूक म्हणवत नाही. मुळात त्या शब्दाचा अर्थ 'आजला लागून असलेला दुसरा दिवस' एवढाच असावा, बाजू कुठली ते वाक्य सांगेल. आपल्या परवासारखंच.

आजोबा_७२

मान्य. हे छापलं असतं तर मी त्या शब्दाखाली पेन्सिलने टिंबं देऊन 'आहे तसेच ठेवा' लिहिलं असतं.

सई_बंगळूर

कन्नडमध्ये हा घोळच नाही. उद्या नाळे, पुढचा परवा नाडिद्दु, मागचा परवा मोन्ने. मी इथे येऊन आठ वर्षं झाली आणि आता मराठीत बोलतानाही घरी मोन्ने निघून जातं तोंडातून, इतकं सोयीचं आहे.

स्टुटगार्टकर

अवांतर होतंय पण राहवत नाही. जर्मनमध्ये 'आठ दिवसांनी' म्हणजे इन आख्ट टागन म्हटलं की अर्थ सात दिवसांनी! आज सोमवार तर पुढचा सोमवार. मला पहिल्यांदा अजिबात विचित्र वाटलं नाही, कारण आपला आठवडा! सात दिवसांचा आणि नाव आठवरून. फ्रेंच शेजारीण सांगते त्यांच्यातही आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. आपला पंधरवडा!

नदीकाठ

अरे हो की!! आठवडा हा शब्द इतकी वर्षं बोलतेय, त्यात आठ आहे हे आज दिसलं.

तात्या_सातारा

आमच्याकडे सोपं आहे. आठवडी बाजार. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत, दोन्ही बाजार धरून मोजा, आठ येतात. रविवार ते रविवार. माझे वडील कांदा घेऊन जायचे, त्यांचा हिशोब असाच, 'आठवं' म्हणजे पुढचा बाजार. आज पेरलं तो दिवस पण धरायचा.

शब्दवेडा

तात्या, तुम्ही थेट रोमला पोचलात. रोमन लोकांचा बाजाराचा दिवस होता, नुन्दिनी, त्यात नोवेम म्हणजे नऊ आहे. बाजार भरायचा दर आठ दिवसांनी, पण दोन्ही टोकं धरून मोजायचे म्हणून नाव नवावरून. तुमच्या वडिलांचाच हिशोब.

आणि इंग्रजी? फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, फोर्टीन नाइट आखडून झालेला. इथे टोकं धरली नाहीत, आणि दिवस नाहीत, रात्री मोजल्या. आठवड्यालाही शब्द होता, सेनाइट, सात रात्री. तो ओव्हरमॉरोच्या जवळपासच पुरला गेला, फोर्टनाइट जगला. अमेरिकेत तोही फारसा कुणी वापरत नाही, पण आपल्या सरकारी कागदांत अजून ठणठणीत आहे.

टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मॅनिक टोळ्यांबद्दल लिहिलंय की हे लोक आपल्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. फोर्टनाइट म्हणजे त्याच सवयीची उरलेली खूण.

केतकी

माझा मुलगा शेजारी बसलाय, तो म्हणतो फोर्टनाइट गेम आहे. त्याला चौदा रात्री सांगितलं तर डोळे एवढे मोठे झाले.

पण रात्री आपणही मोजतोच की! नवरात्र!

वसईवाला

केतकी +१, अगदी हेच लिहायला आलो होतो.

आजोबा_७२

आणि 'नक्त' विसरू नका. आमची आई श्रावणी सोमवारी नक्त करायची, दिवसभर काही नाही, तिन्हीसांजेनंतर एकदाच जेवायची. नक्त म्हणजे रात्र. नाइट, जर्मन नाख्ट, लॅटिन नोक्त, हे मी शब्दकोशाच्या प्रुफात वाचलं तेव्हा आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तिला सांगायचं राहिलं.

नदीकाठ

❤

उडता_पतंग

सगळं छान आहे पण मूळ प्रश्न राहिला. मी स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवतो. मुग्धाताई, कृपया वर्गात ओव्हरमॉरो शिकवू नका. मुलाखतीत कुणी म्हटलं तर समोरच्याला कळणार नाही. ज्यांना आधीच इंग्रजीची भीती आहे त्यांना मेलेले शब्द देऊन काय उपयोग? आणि इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात 'इंग्रजीतले हरवलेले सुंदर शब्द' त्यात असं लिहितात की पूर्वी सगळे इंग्रज रोज ओव्हरमॉरो म्हणायचे. त्याला पुरावा काय?

शब्दवेडा

पतंग, याद्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. हा शब्द इंग्रजीत घरोघरी होता असं दिसत नाही. त्याची प्रसिद्ध जागा एकच, माइल्स कव्हरडेलचं १५३५ चं बायबल, इंग्रजीत छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल. त्यात तोबितच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, तोबियस लग्नाच्या रात्री बायकोला म्हणतो, ऊठ सारा, आपण देवाची प्रार्थना करू, आज, उद्या आणि ओव्हरमॉरो.

कव्हरडेल मूळ हिब्रू-ग्रीकवरून करत नव्हता, मुखपृष्ठावरच स्वच्छ लिहिलंय की 'डच आणि लॅटिन'मधून आणलं आहे. तेव्हा डच म्हणजे जर्मन. लॅटिनमध्ये त्या जागी आहे 'सेकुंदुम क्रास', म्हणजे 'दुसरा उद्या'. आता इंग्रजीत दुसरा उद्या कसा म्हणायचा? हाताशी जर्मन यूबरमॉर्गन होता, तो कानात असणारच.

आता का मेला ते. १६११ चं किंग जेम्स बायबल आलं, जे पुढे शेकडो वर्षं इंग्रजांच्या तोंडी बसलं. त्यांनी तोबितचं पुस्तक ग्रीकवरून घेतलं, आणि ग्रीकमध्ये ते 'आज, उद्या, परवा' नाहीच! तिथे नुसतं 'ऊठ, प्रार्थना करू'. म्हणजे ज्या एका वाक्यात हा शब्द उभा होता, ते वाक्यच गेलं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं. शब्द कुणी नाकारला नाही, त्याची जागाच राहिली नाही.

वसईवाला

इथे मी बोलायला हवं. आम्ही कॅथलिक, आमच्या बायबलमध्ये तोबितचं पुस्तक आहे, प्रोटेस्टंट मराठी बायबलमध्ये ते नसतं. लग्नाच्या मिसामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हाच उतारा वाचतात, माझ्या बहिणीच्या लग्नात मीच वाचला होता. त्यातही परवा नाही, म्हणजे शब्दवेडा म्हणतात तसंच.

पण ती तीन दिवसांची गोष्ट युरोपात रूढ झाली होती. नवीन जोडप्याने पहिल्या तीन रात्री प्रार्थनेत घालवायच्या, त्यांना तोबियसच्या रात्री म्हणायचे.

आजोबा_७२

वसईवाले, आपल्या गृह्यसूत्रांतही अगदी हेच आहे. लग्नानंतर नवरा-बायकोने त्रिरात्र ब्रह्मचर्य पाळायचं, क्षार-लवण वर्ज्य, जमिनीवर झोपायचं. आणि शब्द बघा, त्रिरात्र. दिवस नाही, रात्रच.

सई_बंगळूर

हा धागा कुठून कुठे गेला. रिक्षावाल्या काकांना कुणीतरी हे सगळं वाचून दाखवा.

उडता_पतंग

मी माझं मत थोडं बदलतो. शिकवा, पण 'वापरा' म्हणून नका, 'एकेकाळी होता' म्हणून सांगा. भाषा मोठी म्हणजे तिच्यात सगळं आहे असं नसतं, हे कळलं तरी माणसाची भीती कमी होते. माझ्या मुलांना मीही सांगेन.

आणि कुणी परवाचा अर्थ फारसी परवाशी जोडू नका हं, बेपर्वा, परवा नाही वगैरे. तो वेगळाच शब्द आहे, काळजी या अर्थाचा, नाव एक पण घर वेगळं.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे 'मला परवाची परवा नाही' हे शुद्ध मराठी वाक्य आहे! आज रात्री बायकोला ऐकवतो.

मुग्धा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचा नक्तचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

आज गुरुवार, आत्ताच वर्ग संपला. पतंग म्हणाले तसंच केलं. फळ्यावर ओव्हरमॉरो लिहिला, म्हटलं हा शब्द आता कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका, पण बघा. काकांनी बराच वेळ बघितला. मग स्वतःच म्हणाले, "ओव्हर म्हणजे वर. मॉरो म्हणजे टुमॉरोतला मॉरो. उद्याच्या वरचा." मी उपरि-वर काहीही सांगितलं नव्हतं अजून! मग सांगितलं. वहीत त्यांनी ओव्हर आणि वर एकाखाली एक लिहून दोघांना गोल केला.

मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि मॅडम, तेरवाला?"

मी विचारच करत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची पोळीभाजी केंद्र चालवणारी ताई म्हणाली, "काका, तेरवा असेल तर सरळ वार सांगायचा. माझ्याकडे डब्याच्या ऑर्डरी अशाच घेते, नाहीतर गोंधळ होतो."

काकांनी बोटांवर मोजलं, शुक्रवार, शनिवार, आणि वहीत लिहिलं: तेरवा = संडे.